ओळख मनाच्या आजारांची : नैराश्य आणि विचारांची वळणे

नैराश्याची लक्षणे गेल्या लेखांकात पाहिली. ती महिनोन्‌महिने टिकून का राहतात, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर रुग्णाच्या विचारांच्या ठरावीक वळणांत सापडते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेतले. परंतु 1960 च्या दशकात नैराश्यग्रस्तांचे बोलणे ऐकताना त्यांना आढळले की, स्वतःविषयी, भोवतालच्या जगाविषयी आणि भविष्याविषयी प्रतिकूल विचार या रुग्णांच्या मनात आपोआप उमटतात आणि ते विचार आहेत याचे भान न राहता वस्तुस्थिती म्हणून स्वीकारले जातात. या तिहेरी नकारात्मक दृष्टीला ‘बोधात्मक त्रयी’ म्हणतात.

दापोडीसारख्या वस्तीत, जिथून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी माणसे रोज बाहेर पडतात, तिथे ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी कंत्राटी कामगाराचे उदाहरण पुरेसे आहे. काही महिन्यांनी ठेकेदाराने ‘ब्रेक’ दिला, म्हणजे काम थांबवले, की ‘ऑर्डर कमी झाल्या’ हे कारण ठाऊक असूनही ‘मीच कुचकामी, आता कुठेच लागणार नाही’ असा निष्कर्ष मन काढते. एका घटनेवरून सगळ्याच बाबतींत काढलेल्या अशा निष्कर्षाला अतिसामान्यीकरण म्हणतात. मग तो कामगार सोबत्याचा फोन उचलत नाही, दुसऱ्या गेटवर चौकशीला जात नाही, आणि न गेल्यामुळे काम मिळत नाही, तेव्हा तेच त्याला स्वतःच्या नालायकीचा पुरावा वाटते. खिन्न मनाला खिन्न आठवणीच चटकन सापडत असल्याने सुपरवायझरने केलेले कौतुक आठवत नाही, नाकारले गेल्याचे प्रसंग मात्र रांगेने उभे राहतात.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे : कंत्राटी नोकरीची असुरक्षितता खरी आहे, आणि तिचा दोष कामगाराच्या विचारांवर ढकलणे हा अन्याय होईल. आनुवंशिकता, शारीरिक आजार, कर्ज, एकटेपणा ही कारणेही असतातच. ‘चांगले विचार करा’ हा सल्ला तर निरुपयोगीच; बेक यांच्या दृष्टीवर आधारलेल्या उपचारात खोटा दिलासा दिला जात नाही. विचार लिहून काढून त्याच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा तपासला जातो आणि थांबलेली छोटी कामे टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केली जातात.

बेक यांच्या या दृष्टीशी जवळचे नाते असलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती 1950 च्या दशकात आकाराला आली. घटना आणि भावना यांच्यामध्ये माणसाची धारणा उभी असते, हे तिचे सूत्र. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धती मराठीत आणली, म्हणून मराठी वाचकाला ती आपल्या भाषेत वाचता येते.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर केवळ वाचनावर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे किंवा ‘टेलि-मानस’ या मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर, कोणत्याही वेळी, मराठीतून बोलावे.