सातबाऱ्यावर नाव आहे, मग आणखी काय बघायचं?

हातात चार पैसे शिल्लक दिसू लागले की ‘कुठेतरी जागा घेऊन ठेव’ हा सल्ला न मागता मिळतो. मग रविवारच्या कार्यशाळा येतात, व्हिडिओ येतात. त्यांत ‘पॅसिव्ह इन्कम’ आणि ‘दुसऱ्याच्या पैशातून मालमत्ता’ असे शब्द सारखे कानावर पडतात. ही शिकवण बरीचशी अमेरिकन पुस्तकांतून उचललेली असते. तिकडे जागेच्या मालकीचा विमा काढण्याची सर्रास पद्धत आहे. आपल्याकडे मालकीची हमी सरकारही देत नाही. कागदांच्या साखळीवरून ती अनुमानाने ठरते. त्यामुळे महाराष्ट्रात या धंद्याचं शिक्षण बाजारभावापासून नव्हे, कागद वाचण्यापासून सुरू होतं, आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

‘सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे तोच मालक’

सातबारा हा मूळचा महसुली कागद. जमीन कोणाच्या ताब्यात, आकार किती, पीक कोणतं, हे सरकारला कळावं म्हणून गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र करून तो बनतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार त्यातली नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे.

तरी सातबारा वाचता येणं ही फार उपयोगाची विद्या आहे. नवखा माणूस नाव आणि क्षेत्र बघून थांबतो. मुरलेला माणूस आधी भूधारणा पद्धत बघतो. तिथे ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन सहसा विकता येत नाही. मग नजर ‘इतर अधिकार’ या रकान्यावर जाते. कुळाचं नाव, विकास सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथे बारीक अक्षरात बसलेलं असतं. खाली जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात. ते एकेक काढून वाचले की कुटुंबाचा इतिहास उलगडतो.

समजा, वडील वारले आणि वारस म्हणून दोन भाऊ व तीन बहिणींची नावं लागली. पुढच्या फेरफारात बहिणींची नावं कमी झाली. कशाच्या आधारे? नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर ठीक. नुसता तलाठ्यापुढे दिलेला जबाब असेल, तर त्या बहिणींचा किंवा त्यांच्या मुलांचा दावा उद्या तुमच्या दारात उभा राहू शकतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क जन्मतः मुलांइतकाच आहे, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने पक्कं झालं आहे. ‘बहिणींचं काही नाही हो, घरचंच आहे’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून आलं की व्यवहार तिथेच थांबवून वकील गाठावा.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यायला काही हजार जातात. लाखांच्या व्यवहारात लोक नेमकी हीच काटकसर करतात.

‘रजिस्टर झालंय, आता काळजी नाही’

दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. मुद्रांक शुल्क भरलं का, माणसं तीच आहेत का, हे तो बघतो. विकणाऱ्याची मालकी खरी आहे का, हे तपासणं त्याचं काम नाही. ज्याचं काही नव्हतंच त्याने विकलं, तर नोंदणी होऊनही तुमच्या हाती काहीच येत नाही. नोटरी करून घेतलेला कागद तर त्याहून हलका. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर जागा ‘विकत घेणाऱ्यां’ना मालकी मिळत नाही, असा स्पष्ट निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिला आहे, तरी शहरांच्या कडेला हे व्यवहार जोरात चालतात.

‘एक-दोन गुंठे घ्यायला काय हरकत?’

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बजेटात बसणारा आकडा, म्हणून पहिली गुंतवणूक बहुतेकदा इथेच अडकते. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात आधी स्वतः शेतकरी असावं लागतं, नाहीतर परवानगी लागते. त्यात १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते, जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरवलं. यातून वाट काढायला एजंट पाच-दहा अनोळखी लोकांना एकत्र करून सामाईक सातबारा करून देतात. नावं सगळ्यांची लागतात. कोणाचा तुकडा नेमका कुठला, याची हद्द मात्र कागदावर कुठेच नसते. नागरी भागातल्या अशा काही तुकड्यांसाठी शासनाने २०२५ मध्ये सवलती आणल्या, पण आपला गट त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयात विचारावं, एजंटला नव्हे. आणि फलकावरचं ‘फ्यूचर एनए’ (पुढे बिगरशेती होणार) म्हणजे आजची शेतजमीन.

‘रेरा नंबर आहे आणि बँक लोन देतेय’

दोन्ही चांगल्या खुणा आहेत, पण हमी नव्हेत. रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे गेली आणि कोणते दावे चालू आहेत, ते बघावं. जाहिरातीपेक्षा ते पान जास्त खरं बोलतं. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून. प्रकल्प रखडला तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जातो. तयार इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र मागावं आणि सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झालंय का, हेही विचारावं.

‘भाड्यात हप्ता सुटतो’

इथे कॅल्क्युलेटर काढावा. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट घेतला तर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी धरून तो जवळपास ८६ लाखांना पडतो. भाडं महिना २२ हजार धरू. सोसायटीचे महिन्याला तीन हजार, वर्षाचा मिळकतकर बारा हजार आणि एक रिकामा महिना वजा केला की वर्षाला १ लाख ९४ हजार उरतात, म्हणजे सव्वादोन टक्के. उलट ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ५२ हजारांवर जातो. किमान तीस हजारांची ही फट दर महिन्याला पगारातून भरायची असते.

‘पण किंमत वाढते ना! आमचं तीसचं नव्वद झालं.’ पंधरा वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला सुमारे साडेसात टक्के, तेही खर्च आणि कर धरायच्या आधी. वाईट नाही. पण लग्नाकार्यात हा आकडा ज्या थाटात सांगितला जातो, तेवढं मोठंही नाही.

जाता जाता, ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हेही महाराष्ट्रात चूक. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. कसूर झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

थोड्या पैशांत या क्षेत्राची चव घ्यायची तर रिट्स आहेत. कार्यालयांच्या इमारतींच्या भाड्यात वाटा देणारी ही युनिट्स शेअर बाजारात मिळतात, अगदी एक युनिटही. भाव खालीवर होतो, पण सातबारा वाचावा लागत नाही. आणि जागाच घ्यायची असेल तर टोकन देण्याची घाई करू नये. द्यावंच लागलं तर चेकने द्यावं आणि ‘शोध अहवालात दोष आढळल्यास ही रक्कम पूर्ण परत’ एवढी ओळ पावतीवर लिहून घ्यावी. ती लिहायला विकणारा का कू करू लागला, तर उरलेले कागद मागवायचेही कष्ट वाचतात.