आधी ब्रेक, मग रंग

स्पेनमधल्या कॅटालोनियात पेरे पी यांनी मोटारसायकल ट्रायल्सचं कसब मुलाला सायकलवर शिकवलं. तिथून सायकल ट्रायल्स वाढलं. दगड-ओंडक्यांवरून पाय न टेकता जायचं. टेकला की दंड. जागतिक स्पर्धेत बायकांचाही गट असतो.

या सायकलींना बहुधा सीट नसते. चाकं 20 किंवा 26 इंची. दगडावर पकड बसावी म्हणून टायरमध्ये हवा कमी. आपल्या रस्त्यावर मात्र पुरेशी हवी. सगळा भरवसा ब्रेकवर: एका बोटानं दाबताच चाक जागीच थांबतं.

मुलींना शाळेसाठी सायकल घेताना आपणही बघू या: बोटं ब्रेकपर्यंत पोचतात का? थांबल्यावर पाय जमिनीला टेकतात का? रंग नंतर. पुढच्या बैठकीला सायकली आणा, सगळ्यांचे ब्रेक तपासू.