जळगावचे उस्ताद, थाळनेरचं आजोळ

पुण्याच्या रंगमंदिराला बालगंधर्वांचं नाव आहे, मिरजेच्या नाट्यगृहाला आहे आणि जळगावच्या खुल्या नाट्यगृहालाही आहे. पुण्या-मिरजेच्या नावांमागची कारणं नाट्यवेड्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. जळगावचं कारण मात्र खुद्द जळगावातल्या तरुण पोरांनाही सांगावं लागतं. खान्देशाने नाटकं पाहिली, टाळ्या वाजवल्या, कंपन्यांना पैसा मिळवून दिला, एवढंच आपण आपल्याबद्दल सांगत आलो. खान्देशातल्या घरांनी संगीत रंगभूमीला काय दिलं, हे मांडायचं राहून गेलं. त्यासाठी हा लेख.

बालगंधर्व म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८चा. हा मुलगा शिक्षणासाठी जळगावात राहिला तो आप्तांपैकी आबासाहेब म्हाळसांच्या आश्रयाने. शाळेच्या अभ्यासापेक्षा त्याचा गळा जास्त चालतो हे ओळखायला फार वेळ लागला नसणार. पुढे व्हायचं तेच झालं असतं: सणासुदीला पाहुण्यांपुढे दोन पदं म्हणून दाखवायची आणि मोठेपणी कुठल्या तरी कचेरीत कारकुनी धरायची. पण त्याला मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकायला घातलं गेलं. ज्या आवाजावर महाराष्ट्राने पुढे अर्धं शतक जीव ओवाळून टाकला, त्याला पहिले पद्धतशीर सूर लावायला शिकवलं ते जळगावातल्या एका मुसलमान उस्तादाने. भास्करबुवा बखल्यांची तालीम पुढची, गोविंदराव टेंब्यांची साथही पुढचीच.

लोकमान्य टिळकांनी पुण्यात त्याचं गाणं ऐकून 'बालगंधर्व' म्हटलं, तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. ही आख्यायिका प्रत्येक चरित्रात असते, असायलाच हवी. पण शिकवणाऱ्याला त्याच चरित्रांत एखाददुसरी ओळ मिळते, याची मला मनापासून खंत वाटते. दहा-बारा वर्षांच्या पोराचा कान घडतो तो रोजच्या रियाजाने. षड्ज कुठे टेकवायचा, श्वास कुठे चोरायचा, शब्द मोडू न देता तान कशी घ्यायची, हे या वयात अंगात मुरलं नाही तर पुढे कितीही मोठा गुरू मिळाला तरी घाम गाळावा लागतो. बालगंधर्वांच्या गाण्यात शब्द कधी चिरडला गेला नाही. त्या सवयीचा पाया लहानपणीच घातला गेला असणार, असं मी मानतो.

पुढचा इतिहास भराभर सांगून टाकतो. १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीची गाती नायिका हरपली. १९०५च्या सुमारास नारायण मंडळीत आला आणि मिरजेत शकुंतला म्हणून उभा राहिला. ५ जुलै १९१३ रोजी गणपतराव बोडस आणि टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. या मंडळीची साथसंगत आठवा: पायपेटीऐवजी ऑर्गनचा भरदार सूर, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँचा तबला. एकेका वाद्यावर असा कलावंत बसलेला, आणि पुढे नायिकेच्या शालूत स्वतः बालगंधर्व. आज ज्याला आपण 'बँड' म्हणतो, त्याची सगळी लक्षणं इथे आहेत: ठरलेला वादकांचा संच, स्वतःचा खास नाद, गावोगावचे दौरे आणि मागोमाग फिरणारे वेडे चाहते.

हे दौरे खान्देशात का रुजले, याचं उत्तर रूळ आणि कापूस यांत आहे. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वेची मोठी लाइन चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी जाते. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला आणि तापी खोऱ्यातली सुरतेकडची लाइनही त्याच सुमारास आली. पडदे, कपड्यांच्या पेट्या, वाद्यं आणि माणसं असं सगळं बिऱ्हाड हलवणाऱ्या कंपनीला आगगाडीचं गाव म्हणजे अर्धी मोहीम फत्ते. त्यात कापसाचा पैसा. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अमळनेर-धुळ्याच्या गिरण्या, पेढ्यांवरचे शेटजी. अमळनेरच्या प्रतापशेठांनी तर १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. ज्या मुलखातला गिरणीमालक तत्त्वज्ञानावर पैसा खर्च करतो, तिथे नाटक कंपनी उपाशी राहणार नाही.

आता धुळे जिल्ह्याकडे वळू. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची ही आद्य राजधानी. त्यांच्या कबरी अजून गावात आहेत. नदीवरचा किल्ला १८१८ साली हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने घेतला आणि त्यात मोठी कत्तल झाली. अशा या गावात हरिदास रामदास लाड नावाचे गुजराती व्यापारी, गावचे नगरशेठ, राहत होते. बालगंधर्व बाहेर पडल्यावर किर्लोस्कर मंडळीला नवा गळा हवा होता, तो गोव्याच्या मंगेशीहून आलेल्या दीनानाथ मंगेशकरांचा मिळाला. १९१८ साली दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी काढली. १९२२ साली त्यांचं लग्न हरिदास लाडांची मुलगी नर्मदा हिच्याशी झालं. ती अकाली गेली. मग धाकटी बहीण शेवंती त्यांच्या घरी आली. याच पुढे माई मंगेशकर झाल्या: लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ यांच्या आई.

नर्मदेची मुलगी लतिका तान्हेपणीच गेली. बळवंत मंडळीच्या 'भावबंधन' नाटकातल्या नायिकेचंही नाव लतिकाच, आणि त्या नाटकावरून १९२९ साली जन्मलेल्या हेमाची पुढे लता झाली. हिंदुस्थानभर पोचलेल्या या नावाच्या एका टोकाला बळवंत मंडळीचा रंगमंच आहे आणि दुसऱ्या टोकाला थाळनेरच्या लेकीचं रिकामं झालेलं घर. आईच्या आईकडून लतादीदी पावागडचे गरबे शिकल्या. मंगेशीचा वारसा सगळे सांगतात, तो खराच आहे. पण तापीकाठच्या गुजराती घरातली आजी आणि तिचे गरबेही त्या गळ्याला मिळाले होते. लोकगीताच्या चालीवर दीदींचा आवाज किती सहज बसायचा, हे ऐकताना मला हे आजोळ हटकून आठवतं.

गाण्याच्या अशा जागा जपायच्या कशा, ते लिव्हरपूलकडून शिकावं. तिथे बीटल्स हा बँड ज्या 'कॅव्हर्न' नावाच्या तळघरात ९ फेब्रुवारी १९६१ रोजी पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले, ते १९७३ साली बंद झालं, पाडलंही गेलं. लोकांना चूक कळली. जुन्यापैकी बऱ्याच विटा वापरून १९८४ साली ते पुन्हा उभं केलं. लेनन आणि मॅकार्टनी यांची लहानपणची साधी घरंही तिथल्या राष्ट्रीय न्यासाने जपली आहेत. त्यांच्या पैशाशी आपली बरोबरी नाही, मान्य. पण एक दगडी पाटी बसवायला कितीसा पैसा लागतो?

जळगावने हात बांधून घेतलेत असंही नाही. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान दरवर्षी बालगंधर्व संगीत महोत्सव भरवतं. देशभरचे कलावंत त्यासाठी येतात आणि तिथला श्रोता जाणकार असतो. वहीगायनाची जुनी परंपरा आहे, तमाशाचे फड आहेत, आणि अहिराणी गाणी तर आता लग्नाच्या वरातीत गाडीवरच्या भोंग्यांतून गावंच्या गावं नाचवतात. ही गाणी करणाऱ्या पोरांना आपला वारसा थिरकवाँच्या तबल्यापर्यंत पोचतो, हे कुणी सांगितलं पाहिजे.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, जळगावात विद्यापीठ आहे. कंपन्यांचे खान्देशातले मुक्काम, त्यांची उतरण्याची ठिकाणं, जुन्या जाहिराती, शेटजींच्या वह्यांतल्या नोंदी, हे सगळं एकत्र करण्याचं काम या दोन संस्थांनी हाती घ्यावं. आणि पाटीचं म्हणाल तर जळगावच्या खुल्या नाट्यगृहाच्या दारात बालगंधर्वांच्या नावाखाली दुसरं नाव कोरा: मेहबूब खाँ. थाळनेरला माई मंगेशकरांचं.