साडेसात अंशांचा हिशेब

फोक्सवॅगन बीटलच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही. रेडिएटर नाही, पाणी नाही, त्यामुळे गाडी उकळण्याचा प्रश्नच नाही, असा तिचा लौकिक. जनरेटर आणि थंडाव्याचा पंखा एकाच दांड्यावर फिरतात. पट्टा तुटला की जनरेटरचा लाल दिवा लागतो आणि इंजिनाची हवा बंद झाल्याचे चालकाला समजते. पण पट्टा शाबूत असताना इंजिन हळूहळू तापत गेले, तर ते सांगणारे गाडीत काहीही नसते. अशा तापण्याचे कारण पुष्कळदा पंख्यात नसून इंजिनाच्या वर, प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या, मुठीत मावेल अशा डिस्ट्रिब्यूटरमध्ये असते.

डिसेंबर 1945 मध्ये वोल्फ्सबुर्गला या गाडीचे नियमित उत्पादन सुरू झाले. 30 जुलै 2003 रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथे शेवटची गाडी बाहेर पडली, तेव्हा एकूण आकडा 2,15,29,464 झाला होता. मधल्या काळात इंजिन वाढत 1584 सीसीपर्यंत गेले, तरी मांडणी तीच राहिली: समोरासमोर आडवे चार सिलिंडर, मॅग्नेशियम मिश्रधातूची दोन भागांची केस आणि थंडाव्यासाठी फक्त हवा व तेल. पाण्याच्या इंजिनात चूक झाली तर पाणी थोडा वेळ सांभाळून घेते. इथे थोडेसे तेल सोडले, तर तशी सवलत नाही.

पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधी प्लगला करंट मिळाला पाहिजे, कारण पेट्रोल-हवेचे मिश्रण जळायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट एका सेकंदात 18,000 अंश फिरतो. ठिणगी फार आधी पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा दाब बसतो, हेड तापते, नॉकिंगची ठकठक सुरू होते आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. उशिरा पडली, तर मिश्रण जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, ताकद वाया जाते आणि व्हॉल्व्ह भाजून निघतो. दोन्हीकडून उष्णताच वाढते. म्हणून हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ठिणगीचे टायमिंग हा थंडाव्याचाच एक भाग मानायला हवा.

तीन नंबरचा सिलिंडर यात सर्वांत जास्त सोसतो. 1970 पर्यंतच्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत उभा असे. तेलाने तापलेली हवा त्याच्या वाट्याला येई. 1971 च्या मॉडेलपासून कूलरला वेगळी वाट मिळाली. जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटला, तर पहिला संशय या तीन नंबरवरच जातो.

टायमिंग बसवण्याचे काम अवघड नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. इंजिन पूर्ण थंड हवे. आधी टॅपेट, मग उघडताच ठिणगी पाडणाऱ्या सीबी पॉइंटची गॅप, ती 0.4 मिलिमीटर. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तशी गॅप कमी होते आणि ठिणगी मागे सरकते. गॅप बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून ती नंतर लावण्यात अर्थ नाही. मग पुलीवरची खूण केसच्या दोन भागांच्या जोडरेषेवर आणायची. एक आणि तीन नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, त्यामुळे खूण जुळली तरी रोटरचे तोंड डिस्ट्रिब्यूटरच्या काठावरच्या खाचेकडे आहे ना, हे पाहावेच लागते. नसेल तर आणखी एक फेरा. आता इग्निशन चालू करून कॉइलच्या एक नंबरच्या टर्मिनलपासून अर्थिंगपर्यंत साधा टेस्ट लॅम्प जोडायचा. डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या दिशेने, दिवा विझेपर्यंत फिरवायचा. मग उलट दिशेने अगदी सावकाश. ज्या क्षणी दिवा लागला, त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळायचा.

डिस्ट्रिब्यूटरचा दांडा क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे हाताने तो एक अंश हलवला, की इंजिनावर दोन अंशांचा फरक पडतो.

पण खूण कितीची? 1967 च्या 1500 सीसी इंजिनाला 7.5 अंश आधी. अमेरिकेतल्या 1968 ते 1970 च्या गाड्यांना, धुराच्या नियमांमुळे, शून्य. त्यानंतरच्या, दोन व्हॅक्यूम नळ्यांच्या डिस्ट्रिब्यूटरला चक्क 5 अंश नंतर. बाहेरून सगळी इंजिने सारखीच दिसतात, म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर कोरलेला नंबर आधी वाचायचा.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीतही पॉइंट, कंडेन्सर, कॉइल हेच त्रिकूट होते आणि नुसत्या कानाने टायमिंग बसवणारे मिस्त्री तिथे पुष्कळ झाले. त्या कानांबद्दल आदर ठेवूनही सांगावे लागते, की बीटलमध्ये ही पद्धत घातक आहे. पंखा आणि पातळ कल्ले (फिन) असलेले सिलिंडर यांच्या आवाजात नॉकिंग ऐकूच येत नाही. पिकअप छान वाटतो म्हणून टायमिंग पुढे सरकवले जाते, आणि गाडी काही हजार किलोमीटर उत्तम धावतेही.

दुसरा घोळ बॉशच्या 009 या डिस्ट्रिब्यूटरने केला. त्यात व्हॅक्यूम नाही, नुसती वजनांवर चालणारी यंत्रणा; स्वस्त, टिकाऊ, म्हणून हजारोंनी बसवला गेला. उभ्या गाडीतून ॲक्सिलरेटर दाबला की अशी गाडी क्षणभर अडखळते, कारण थ्रॉटल उघडताच ठिणगी पुढे आणणारे तिथे कोणी नसते. त्याऐवजी मूळ व्हॅक्यूमचा डिस्ट्रिब्यूटर दुरुस्त करणे केव्हाही चांगले. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकले, तरी टायमिंग बसवावेच लागते.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी क्रोमचे तुकडे घेण्याआधी स्ट्रोब लाइट घ्यावा, व्हॅक्यूमची नळी काढून 3000 ते 3500 आरपीएमला एकूण ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते, तपासावा आणि तो 32 अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. दांडा बुशमध्ये हलत असेल, तर डिस्ट्रिब्यूटर भंगारात न टाकता बुश बदलून घ्यावा.