‘चेक’ची चाल

‘चेक’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो निरनिराळ्या अर्थांनी वापरताना कोणी थबकत नाही. बँकेत चेक भरला जातो, दुकानातून चेक्सचा शर्ट घेतला जातो, ओढ्यावर चेक डॅम बांधला जातो, मुलुंडला चेकनाका असतो आणि घराबाहेर पडताना गॅस बंद आहे की नाही ते ‘चेक’ केले जाते. या पाचांचा एकमेकांशी वरकरणी काही संबंध दिसत नाही. तरी हे पाच वेगळे शब्द नव्हेत. शब्द एकच आहे आणि तो मुळात फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. (युरोपातला चेक देश आणि चेक भाषा यांचा मात्र या घराण्याशी संबंध नाही, ते नाव स्लाव्ह लोकांचे आहे, लिहिताना तेवढे सारखे दिसते.)

प्राचीन इराणी भाषेत राजाला ‘ख्शायथिय’ म्हणत. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात सम्राट दारयवहू स्वतःला राजांचा राजा म्हणवून घेतो, ते याच शब्दाने. झिजत झिजत त्याचा ‘शाह’ झाला आणि राजांच्या राजाचा ‘शहेनशहा’. ज्या धातूपासून तो निघाला, त्याचा अर्थ सत्ता चालवणे. तो संस्कृतातही आहे. ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे त्याच कुळातले. या हिशेबाने क्षत्रिय आणि चेक हे दूरचे भाऊबंद ठरतात.

राजाचा ‘चेक’ झाला तो बुद्धिबळामुळे. भारतातले चतुरंग इराणात जाऊन ‘चतरंग’ झाले आणि अरबांकडे ‘शतरंज’. राजावर हल्ला झाला की समोरच्याला सावध करण्यासाठी ‘शाह’ म्हणायची रीत इराणी खेळाडूंनी पाडली. राजाला सुटायला घर उरले नाही, की ‘शाह मात’. यातल्या ‘मात’चा अर्थ अरबीप्रमाणे ‘मेला’ असा सर्रास सांगितला जातो. फारसीत त्याचा अर्थ हतबल झालेला, अडकून पडलेला असा होतो आणि खेळाचा नियम पाहिला तर हाच अर्थ जास्त पटतो. बुद्धिबळात वजीर, हत्ती, घोडे सगळे मारले जातात. राजा कधीच मारला जात नाही. त्याला कोंडले की डाव संपतो.

अरबांकडून हा खेळ स्पेन आणि इटलीमार्गे युरोपात पसरला. लॅटिनमध्ये ‘शाह’चा ‘स्काक्कुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’. इंग्रजीने फ्रेंचचे एकवचन आणि अनेकवचन दोन्ही उचलले. एकवचनाचा झाला ‘चेक’, अनेकवचनाचा ‘चेस’. त्यामुळे ‘चेस’चा शब्दशः अर्थ निघतो नुसता ‘राजे’. जर्मन ‘शाख’ आणि रशियन ‘शाखमाती’ याच वाटेचे प्रवासी आहेत. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांनी मात्र शतरंज धरून ठेवला, त्यामुळे पोर्तुगीज ‘शद्रेश’मध्ये अजून आपले चतुरंग ओळखू येते.

मराठीला हाच ‘शाह’ इंग्रजांच्या पुष्कळ आधी, दख्खनच्या सुलतानी अमलात, जमिनीच्या वाटेने मिळाला होता. बुद्धिबळातला ‘शह’ तोच. शह देणे, मात करणे, शह-काटशहाचे राजकारण हे प्रयोग त्यातूनच रुजले. आदिलशाही आणि निजामशाहीतला प्रत्यय पुढे इतका मोकळा झाला की त्यातून शिवशाही आली, नोकरशाही आली आणि राजाला रजा देणारी लोकशाहीसुद्धा शहाचेच शेपूट लावून आली. पुढे तोच शब्द ‘चेक’ होऊन समुद्रमार्गे परत आला, तेव्हा त्याला कोणी ओळखले नाही.

त्याच्या युरोपातल्या मुक्कामात सर्वांत चमत्कारिक गोष्ट इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात घडली. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एशेकिए’ म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल ज्या टेबलावर मोजला जाई, त्यावर रेघांनी घरे पाडलेले कापड अंथरलेले असे. ते पटासारखे दिसते म्हणून टेबलाला पटाचे नाव पडले, टेबलावरून खात्याला, आणि इंग्रजीत त्याचे ‘एक्सचेकर’ झाले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ या पदनामाने ओळखला जातो.

राजा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७ च्या सुमारास या कचेरीच्या कामकाजावर गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात टेबलाचे मापसुद्धा दिले आहे: लांबी सुमारे दहा फूट, रुंदी पाच, आणि हिशेबाच्या सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून चारी बाजूंना चार बोटे उंच काठ. वर काळे कापड, त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने आखलेल्या रेघा. या रेघांमुळे पडलेले रकाने म्हणजे हिशेबाची घरे. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात पेन्स, मग शिलिंग, मग पौंड, पुढे विसा-विसाने पौंड, शेकडे, हजार. प्रत्येक जिल्ह्याचा महसूल गोळा करणारा शेरीफ ईस्टर आणि मायकेलमस या सणांना, असा वर्षातून दोनदा, हिशेबाला हजर होई. (हेच पदनाम पुढे मुंबईत आले, मुंबईचा नगरपाल तो हाच शेरीफ.) शेरीफकडून येणे किती ते सोंगट्यांनी वर मांडत, त्याने भरले किती ते खाली, वरच्या सोंगट्यांतून खालच्या वजा करत गेले की बाकी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडी पडे.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण आकडे रोमन होते. त्यांत शून्य नव्हते, स्थानमूल्य नव्हते, आणि बारा पेन्सचा शिलिंग व वीस शिलिंगांचा पौंड अशा चलनात रोमन आकड्यांनी वजाबाकी करणे म्हणजे डोकेदुखी. रकान्यांच्या कापडाने स्थानमूल्याची उणीव भरून काढली. शिवाय हिशेब सोंगट्यांनी होत असल्याने अक्षरशत्रू शेरीफलाही आपली गफलत कुठे पकडली जाते आहे ते दिसे. फिट्झनीलने या बैठकीला बुद्धिबळाचीच उपमा दिली आहे: खजिनदार एका बाजूला, शेरीफ दुसऱ्या बाजूला, आणि मधे पट.

रक्कम भरल्याची पावती लाकडाची असे. हेझल झाडाच्या काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडत. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी. मग काठी उभी चिरून एक फाळका भरणाऱ्याला देत, दुसरा खजिन्यात राही. दोन्ही जुळवले की खाचा जुळल्या पाहिजेत; एकाने लबाडीने खाच वाढवली तर दुसरा फाळका लगेच साक्ष देई. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. साठलेल्या काठ्यांचा ढीग १६ ऑक्टोबर १८३४ रोजी ब्रिटिश संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला घेतला. भट्ट्या इतक्या तापल्या की त्या रात्री संसदेची जवळजवळ सगळी इमारत भस्मसात झाली. हिशेबाची जुनी दप्तरे नष्ट करताना याहून महागात पडलेले उदाहरण सापडणे कठीण.

बँकेचा चेक या फाळक्यांच्याच तत्त्वातून नाव घेऊन आला. अठराव्या शतकाच्या आरंभी सरकारी रोख्यांचे दोन भाग करून एक भाग दप्तरी ठेवत. खोट्या रोख्याला आळा घालणारा म्हणून त्या ठेवलेल्या स्थळप्रतीला ‘चेक’ म्हणू लागले. हळूहळू नाव स्थळप्रतीवरून सरकले आणि पैसे देण्याच्या आदेशालाच चिकटले. ‘एक्सचेकर’च्या स्पेलिंगची छाप पडून ब्रिटनमध्ये त्याचे स्पेलिंग वेगळे झाले, अमेरिकेने जुने साधे स्पेलिंगच ठेवले. वस्तू मात्र नावाहून जुनी आहे. लंडनच्या क्लेटन अँड मॉरिस या सावकारी पेढीवर १६५९ मध्ये काढलेला ४०० पौंडांचा हस्तलिखित चेक आजही उपलब्ध आहे.

भारतात पैसे देण्याच्या लेखी आदेशाचे काम हुंडी शतकानुशतके करत होती. त्यामुळे चेक आला तरी मराठीला नवे क्रियापद शोधावे लागले नाही. हुंडी वटत असे, तसा चेक वटू लागला. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ६ मध्ये त्याची व्याख्या आहे. चेक न वटणे हा गुन्हा ठरला तो फार उशिरा. १९८८ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १३८ आले आणि १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले. आज त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. चेकची मुदतही पूर्वी सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आली. ‘धनादेश’ हा शब्द सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत नांदतो. बँकेच्या खिडकीवर मात्र चेकच चालतो.

शह बसला की खेळाडूला बाकीचे बेत थांबवून आधी राजाला वाचवावे लागते, यावरून ‘थांबवणे, आवरणे’ हा अर्थ इंग्रजीत चौदाव्या शतकापासूनच आला होता. या अर्थाचा मोठा संसार राज्यशास्त्रात आहे. १७८७ मध्ये तयार झालेल्या अमेरिकी राज्यघटनेत काँग्रेस कायदा करते, राष्ट्राध्यक्ष त्यावर नकाराधिकार वापरू शकतो, आणि दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते पडली तर तो नकारही मोडीत निघतो. या व्यवस्थेला ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत नियंत्रण आणि संतुलन. ‘शह-काटशह’ म्हटले असते तर मुळाला धरून झाले असते; पण मराठीत त्या शब्दाला डावपेचांचा वास लागला आहे.

महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांत हाच अर्थ सिमेंटमध्ये उभा आहे. चेक डॅमला धरणासारखा मोठा साठा करायचा नसतो. ओढ्याचे पाणी पावसाळ्यात वेगाने धावते आणि मातीही घेऊन जाते. आडवी बुटकी भिंत तो वेग मोडते. पाणी थबकते, गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत मुरून आसपासच्या विहिरींना पाझर फुटतो, आणि जास्तीचे पाणी भिंतीवरून पुढे जाते. नाक्यावरचा चेकही अडवणाराच. मुलुंड आणि दहिसरचे चेकनाके मुंबईच्या वेशीवरचे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, मुंबईतली जकात गेली, तरी बसथांब्यांवर आणि लोकांच्या तोंडी नाव शाबूत आहे.

नाक्यावर गाडी अडवतात ती आत काय आहे ते पाहण्यासाठी. थांबवण्याकडून तपासण्याकडे अर्थ सरकला तो याच स्वाभाविक ओघाने, आणि खजिन्यातल्या ताळ्याने त्याला हातभार लावला. हा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला आणि आता बाकी सगळ्यांना पुरून उरला आहे. मराठीत ‘पडताळणे’, ‘तपासणे’, ‘ताळा पाहणे’ अशी चांगली क्रियापदे असूनही ‘चेक करणे’ने त्यांना कचेरीबाहेर काढले. अमेरिकेत आणखी एक फाटा फुटला. सामान ठेवून घेतल्याची खूण म्हणून दिलेला बिल्ला तिथे ‘चेक’ झाला, त्यावरून सामान ‘चेक-इन’ करणे आले आणि खानावळीचे बिलही चेक झाले. बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला तर पुन्हा येण्यासाठी देत ते तिकीट ‘रेन चेक’.

कापडावरच्या चौकड्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. बुद्धिबळाच्या पटाची नक्षी ती चेक्स, मराठीत चौकडी. मोटारशर्यतीच्या शेवटी फडकतो तो काळा-पांढरा झेंडाही त्यातलाच.

विसाव्या शतकात ‘चेकलिस्ट’ला महत्त्व आले. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. यंत्रात दोष नव्हता. उभ्या विमानाचे पंख व शेपटीवरची हलती पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली खीळ उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती. यावर वैमानिकांनी काढलेला उपाय म्हणजे करायच्या कामांची छोटी छापील यादी. तीच रीत शस्त्रक्रियागृहात रुजवण्यात अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे वडील महाराष्ट्रातले. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची चेकलिस्ट २००८ मध्ये आली. रोगी तोच आहे ना, शस्त्रक्रिया त्याच बाजूची आहे ना, मोजलेली उपकरणे परत मिळाली ना, असे साधे प्रश्न तीत मोठ्याने विचारायचे असतात.

यंत्रेही आता माणसाशिवाय चेक करतात. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक ‘चेक डिजिट’ आहे. तो आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. ती रीत डच गणिती याकोबुस वेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. क्रमांक टाइप करताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर शेवटच्या अंकाशी गणित जुळत नाही आणि संगणक तो क्रमांक तिथल्या तिथे नाकारतो. पुस्तकांच्या मलपृष्ठावरच्या आयएसबीएनचा शेवटचा अंकही असाच पहारेकरी असतो, त्याची रीत फक्त सोपी असते: पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जो अंक लागतो तो तेरावा.