साबुदाण्याचा काळा भाऊ

तैवानचा बबल टी म्हणजे थंडगार दुधाचा चहा आणि तळाशी काळे, चिवट मोती. आपला साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून होतो, त्याच कंदाचे हे मोती. काळेपणा बहुधा काळसर साखरेचा. शिजवून पाकात मुरवलेले मोती काही तासांतच कडक होतात, म्हणून चांगली दुकाने दिवसभर नवे घाणे शिजवत राहतात. जाड स्ट्रॉ त्यांच्यासाठीच.

हे पेय १९८०च्या दशकातले. जनक कोण, यावरून तायचुंगचे ‘चुन शुई तांग’ आणि तायनानचे ‘हानलिन’ ही चहागृहे चक्क कोर्टात गेली. निकाल लागला २०१९मध्ये: हा चहा कोणीही करावा!

तैपेईच्या शिलिन रात्रबाजारात स्टिंकी टोफू डोळ्यांआधी नाकाला सापडतो. आंबवलेल्या खारवणात मुरवून तळायचा, सोबत कोबीचे लोणचे. वास भयंकर, चव मात्र बरीच सौम्य.

हाँगकाँगचा चहा तापट. सिलोनच्या पत्तीचा कडक काढा लांबट कापडी गाळणीतून पुन्हा पुन्हा ओततात, मग बिनसाखरेचे आटवलेले दूध. २०१७मध्ये ही कृती तिथल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. रस्त्यावर खायला काडीला टोचलेले फिशबॉल, तेही पिवळ्या, झणझणीत करीत बुडवलेले.