जूनमध्ये हात रिकामा का होतो?



बैठकीत बचतीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "हातात राहतच नाही, तर टाकायचं कुठून?" मग कुणीतरी म्हणतं, बायकांना खर्चाची शिस्त नाही. मला हे अजिबात पटत नाही. पन्नास रुपयांत दोन दिवसांची भाजी भागवणाऱ्या बाईला शिस्त कोण शिकवणार?

अडचण आहे ती पैसा येण्याच्या आणि जाण्याच्या वेळेची. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, तोही एकदाच. खुरपणीची मजुरी हंगामापुरती. एप्रिल-मेमध्ये हाताला काम कमी, पण चूल तर रोज पेटते. आणि जून आला की बियाणं, खत, पोरांच्या वह्या, गणवेश, गळका पत्रा, सगळं एकाच पंधरवड्यात पुढ्यात. वर्षाची बेरीज कशीबशी जुळत असली तरी त्या पंधरवड्यात जवळ काही नसतं. मग सावकार.

आता हिशोब बघा. जूनला १०,००० रुपये महिना शेकडा ५ ने घेतले आणि सोयाबीन विकून नोव्हेंबरला फेडले, तर व्याज २,५०० रुपये. तेच गटाकडून शेकडा २ ने घेतले तर १,०००, आणि तेही आपल्याच गटात राहतात. वरचे १,५०० म्हणजे महिना १०० प्रमाणे तुमची सव्वा वर्षाची बचत!

फायनान्सवाल्यांचं कर्ज घेताना तर जास्तच जपा. आपली कमाई हंगामी, त्यांचा हप्ता दर आठवड्याला. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, असं सुरू होतं. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाऊ नयेत. (निम्मे म्हणजेसुद्धा फारच झाले, असं माझं मत.)

म्हणून मेच्या बैठकीत प्रत्येकीने जूनचा खर्च लिहून आणा. गटानेही सगळी रक्कम आधीच वाटून टाकू नये, जूनसाठी राखून ठेवावी. सोयाबीनची पट्टी हातात आली की पुढच्या जूनचे काही पैसे त्याच दिवशी खात्यात टाका. उरले तर टाकू म्हटलं की उरत नाहीत.

घरात नुसती मजुरी आणि वर आजारपण असेल, तर एवढ्याने भागणार नाही, हे मलाही कळतं. अशा ताईने बैठकीत न लाजता सांगावं. दंड लावण्याआधी किंवा तिचं नाव कमी करण्याआधी, काही महिने तिची बचत कमी घ्यायची का, यावर गटाने बोलून ठराव लिहावा.